रिफर्बिश्ड लॅपटॉप: स्वस्तातला जुना आय७ की महागातला नवा आय५? (ठाणे / वाशी)

खारेगाववाली · रविवार, रात्री ९.४०

नमस्कार मंडळी. लेक यंदा बीएस्सी आयटीच्या दुसऱ्या वर्षाला गेली. पहिलं वर्ष कॉलेजची लॅब आणि मैत्रिणीचा लॅपटॉप यावर निभावलं. आता जावा आणि पायथन दोन्हींची प्रॅक्टिकल्स आहेत, पुढच्या वर्षी मोबाइल अॅप बनवायचा अँड्रॉइड स्टुडिओ लागेल असं सीनियर मुलं सांगतात. दुसऱ्याच्या मशीनवर किती दिवस काढणार?

हाताशी २५ हजार आहेत, ओढूनताणून २८. एवढ्यात नवा कोरा म्हणून जो दाखवतात तो सेलेरॉन एन४०२० प्रोसेसरवाला, आणि तो घेऊ नका असं तिच्या सरांनीच सांगितलंय. म्हणून रिफर्बिश्ड, म्हणजे वापरून झालेला पण तपासून पुन्हा विकायला ठेवलेला, बघायचं ठरवलं. शनिवारी आम्ही दोघी ठाणे स्टेशनजवळची दोन दुकानं फिरलो, मग ट्रान्सहार्बर लोकलने वाशीला जाऊन तिसरं पाहिलं. तीन मशीन वहीत लिहून आणली आहेत.

डेल लॅटिट्यूड ७४८०, आय७-७६००यू, १६ जीबी रॅम, २५६ जीबी एसएसडी. १९,५०० रुपये.
डेल लॅटिट्यूड ५४००, आय५-८३६५यू, ८ जीबी रॅम, २५६ जीबी एसएसडी. २२,५०० रुपये.
एचपी एलिटबुक ८४० जी८, आय५-११३५जी७, १६ जीबी रॅम, ५१२ जीबी एसएसडी. ३१,००० रुपये.

पहिल्या दुकानदाराचं एकच पालुपद होतं, ‘ताई, आय७ आहे, रॅम डबल आहे, तरी स्वस्त देतोय.’ मी वागळे इस्टेटमध्ये अकाउंट्सला आहे, टॅली सोडून कॉम्प्युटरचं मला फारसं कळत नाही. पण आय७ स्वस्त आणि आय५ महाग, हा हिशेब मला लागत नाही. स्वस्त असण्याचं काहीतरी कारण असणारच ना? त्यात भावाने व्हॉट्सअॅपवर पाठवलंय की मायक्रोसॉफ्टने आठव्या ते दहाव्या जनरेशनला विंडोज ११ बंद केलं. ते खरं असेल तर दुसरं मशीनही बाद.

जाणकारांनी कृपया सांगा. पैसे साठवून आणलेले आहेत, एकदाच घेणं होईल.


पारसिक · रविवार, रात्री १०.०५

तिसरा. मुलगी अजून दोन वर्षं शिकणार, पुढे नोकरी लागेपर्यंत हाच वापरणार. तीन हजार कुठूनही जमवा.


घोडबंदर_६ · रविवार, रात्री ११.२०

ताई, ‘आय७’ हे आधी डोक्यातून काढून टाका. इंटेलचे आय३, आय५, आय७ प्रोसेसर म्हणजे एकाच वर्गातले तिसरा, दुसरा, पहिला. वर्ग, म्हणजे जनरेशन, कोणता ते पुढचे आकडे सांगतात. ७६०० मधला ७ म्हणजे सातवी, ८३६५ मधला ८ म्हणजे आठवी, आणि ११३५ मधले पहिले दोन आकडे म्हणजे अकरावी. दुकानदार तुम्हाला सातवीतला पहिला नंबर दाखवतोय आणि शेजारी अकरावीतला दुसरा उभा आहे.

यात सातवी आणि आठवीमधली भिंत सगळ्यात जाड आहे. शेवटी ‘यू’ असलेले प्रोसेसर कमी वीज खाणारे, १५ वॅटचे, पातळ ऑफिस लॅपटॉपमध्ये बसवलेले. ऑगस्ट २०१७ मध्ये आठव्या जनरेशनचे यू प्रोसेसर आले, तोवर या मालिकेत आय५ घ्या नाहीतर आय७, कोअर (प्रोसेसरच्या आतले प्रत्यक्ष काम करणारे भाग) दोनच असायचे. म्हणजे ७६००यू हा आय७ असूनही दोन कोअर, चार थ्रेडचा (थ्रेड म्हणजे एकदम हाताळता येणारी कामं). आठवीपासून आय५ लाही चार कोअर, आठ थ्रेड मिळाले.

आता यातली मेख. सहावीपासून आठवीपर्यंत एकेका कोअरची घडण मुळात तीच आहे, २०१५ च्या ‘स्कायलेक’ नावाच्या रचनेची. म्हणून एकच काम करत बसलात, म्हणजे नुसतं वर्ड किंवा नुसतं टॅली, तर ७६००यू आणि ८३६५यू यांत फारसा फरक जाणवणार नाही. दुकानात आपण तेच करून बघतो, एक फाइल उघडतो, एक व्हिडिओ लावतो, आणि ‘चांगला पळतोय की’ म्हणून घरी घेऊन येतो. फरक कळतो तो चार गोष्टी एकदम चालू असताना. ऑनलाइन लेक्चर चालू आहे, ब्राउझरमध्ये वीस टॅब आहेत, मागे अँटीव्हायरस फिरतोय आणि त्यात जावाचा प्रोग्राम रन करायचाय. तिथे दोन कोअरची दमछाक होते.

अकरावी (२०२०) मध्ये मात्र कोअरच नवा आहे. संख्या चारच, पण एकेक कोअर जास्त काम उरकतो, आणि आतलं ग्राफिक्स आयरिस एक्सई आहे, जे आठवीतल्या यूएचडी ६२० च्या खूप पुढचं. यूट्यूबवर हल्ली बरेच व्हिडिओ एव्ही१ फॉरमॅटमध्ये येतात. अकरावी ते हार्डवेअरमध्ये उलगडते. सातवी-आठवीला तेच काम कोअरकडून करून घ्यावं लागतं, मग पंखा फिरतो आणि बॅटरी उतरते.

विंडोजचं म्हणाल तर ७६००यू अधिकृत यादीत नाही. सातवीतले अगदी मोजके प्रोसेसर यादीत आहेत, त्यात हा येत नाही. विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, आणि घरगुती वापरासाठीच्या जादा सुरक्षा अपडेटची मुदत १३ ऑक्टोबर २०२६. दुकानदार विंडोज ११ टाकून देईलही, तपासणी चुकवून टाकता येतं. पण पुढे दरवर्षीचं मोठं व्हर्जन आपोआप येणार नाही, आणि अपडेट मिळण्याची हमी मायक्रोसॉफ्ट देत नाही.

भावाला आलेला मेसेज अर्धवट आहे. विंडोज ११ च्या २४एच२ व्हर्जनच्या वेळी मायक्रोसॉफ्टने एक यादी काढली होती, त्यात आठवी ते दहावी दिसेना म्हणून गोंधळ उडाला. ती यादी नवे लॅपटॉप बनवणाऱ्या कंपन्यांसाठी होती. आपल्यासाठीची किमान अट आठवी होती तशीच राहिली. दुसरं मशीन बाद नाही.


कोपरी_पूल · सोमवार, सकाळी ७.५०

घोडबंदर, माहिती उत्तम. पण सातवीला इतकंही मोडीत काढू नका. मी हा प्रतिसाद सातव्या जनरेशनवरच लिहितोय. विंडोजऐवजी लिनक्स मिंट टाकलंय, १६ जीबी रॅम आहे, पायथन आणि सी++ रोज चालतं, पुढची काही वर्षं अपडेट येत राहणार. ज्याच्याकडे बाराच हजार आहेत त्याला आपण आठवी-अकरावी सांगत बसलो तर तो लॅपटॉपशिवायच राहील. माझा धाकटा भाऊ असल्याच मशीनवर शिकला आणि आज कामाला लागला.

मात्र १९,५०० ही सातवीची किंमत नाही. तिथे ते आय७ च्या स्टिकरचे पैसे मागतायत.


खारेगाववाली · सोमवार, दुपारी १.१५

जेवणाच्या सुट्टीत वाचलं, सगळ्यांचे आभार. सातवी-आठवी-अकरावीचं उदाहरण लेकीला वाचून दाखवलं, तिला लगेच पटलं. पहिलं मशीन काढून टाकलं.

कोपरी दादा, लिनक्स ती शिकणार आहेच, पण कॉलेजची सगळी सबमिशन्स विंडोजवर होतात, आणि अडलं तर घरी बघणारं कोणी नाही.

आता प्रश्न दुसऱ्या आणि तिसऱ्याचा. साडेआठ हजारांचा फरक आहे. तेवढ्यात तिची वर्षभराची पुस्तकं आणि पास निघतो.


सोल्डर · सोमवार, रात्री १०.४५

मी बारा वर्षं लॅपटॉप दुरुस्तीत आहे, रोज पाच-सहा रिफर्ब मशीन उघडतो. प्रोसेसरबद्दल वर लिहिलंय ते बरोबर आहे, पण माझ्या टेबलावर येणारी मशीन प्रोसेसरमुळे येत नाहीत. बॅटरी फुगलेली असते, बिजागर तुटलेलं असतं, पंख्यात कापसासारखी धूळ बसलेली असते. आपल्याकडच्या दमट हवेत, त्यात खाडीकाठच्या घरांत, चार्जिंगचा पोर्ट गंजूनही येतो.

त्यामुळे माझं मत आठवीकडे झुकतं. ५४०० ला रॅमचे दोन स्लॉट आहेत, ८ जीबीची आणखी एक पट्टी टाकून १६ करता येते. बॅटरी स्क्रूने बसते, बदलायला वीस मिनिटं पुरतात. आठवी घ्या, वाचलेले पैसे रॅम आणि बॅटरीत घाला. अँड्रॉइड स्टुडिओला नुसता ८ जीबी आणि एम्युलेटरसकट (कॉम्प्युटरवर चालणारा नकली फोन) १६ जीबी लागते असं गूगलच लिहितं, तेव्हा रॅम तर वाढवावी लागेलच.

कुठलंही मशीन घ्या, आधी हे करा. लॅपटॉप काचेच्या टेबलावर ठेवा आणि चारही कोपऱ्यांवर बोट दाबा. डुलला तर खालचं झाकण फुगलंय, म्हणजे आत बॅटरी फुगलीय. टचपॅडवर क्लिक करून बघा. क्लिक दबत नसेल, किंवा टचपॅड कडेपेक्षा वर आलेला दिसला, तरी तेच कारण. असलं मशीन कितीही नव्या जनरेशनचं असो, परत ठेवा.

मग कमांड प्रॉम्प्ट उघडून पॉवरसीएफजी, एक स्पेस, आणि स्लॅश बॅटरीरिपोर्ट असं टाइप करा (सगळं इंग्रजीत, बॅटरीरिपोर्ट जोडून). एक फाइल तयार होते, ती ब्राउझरमध्ये उघडा. त्यात डिझाइन कपॅसिटी म्हणजे नवी असतानाची क्षमता, आणि फुल चार्ज कपॅसिटी म्हणजे आज उरलेली. ८० टक्क्यांच्या वर असेल तर उत्तम. ६० च्या खाली असेल तर नव्या बॅटरीचे पैसे किमतीतून कापून मागा. ‘बॅकअप तीन-चार तास आहे’ या तोंडी बोलण्याला काही अर्थ नाही.

टास्क मॅनेजरमध्ये परफॉर्मन्स टॅबवर प्रोसेसरचं पूर्ण नाव, कोअर आणि थ्रेड दिसतात. बाहेरच्या स्टिकरवर जाऊ नका, पामरेस्ट (कीबोर्डभोवतीचा, तळहात टेकायचा भाग) बदलताना कुठलाही स्टिकर चिकटवलेला मी पाहिलाय. डेल असेल तर खालचा सर्व्हिस टॅग डेलच्या साइटवर टाका, मशीन कारखान्यातून कधी निघालं आणि मुळात काय बसवलं होतं ते कळतं.

आणि पक्कं बिल, त्यावर सीरियल नंबर. नंबराशिवायचं बिल म्हणजे वॉरंटी नाही असंच समजा.


घोडबंदर_६ · सोमवार, रात्री ११.३०

सोल्डर, तपासणीचं अगदी जपून ठेवावं असं लिहिलंत. पण ताईंच्या वतीने एक बेरीज करून बघू. ५४०० चे २२,५००. सध्या रॅमचे भाव चढलेत, ८ जीबीची बरी पट्टी तीन-साडेतीन हजारांना. बॅटरी बदलावी लागली तर आणखी साडेतीन. झाले साडेएकोणतीस. एसएसडी २५६ चीच राहिली. एलिटबुक ३१ ला सांगितलाय, त्यात १६ जीबी आणि ५१२ आधीच आहे. मग साडेआठ हजारांचा फरक उरतो कुठे? दीड हजारावर तीन जनरेशन नवा प्रोसेसर मिळतोय.

हे सगळं बॅटरीवर अवलंबून आहे. ५४०० ची बॅटरी धडधाकट निघाली तर तुमचं बरोबर.


सोल्डर · सोमवार, रात्री ११.५०

मान्य. रॅमचे भाव मी जुनेच डोक्यात धरले होते. ताई, दोन्हींचे बॅटरी रिपोर्ट काढून आणा, मग बोलू. एलिटबुकमध्ये १६ जीबी एकाच पट्टीत आहे की दोन, तेही बघा. एकच असेल तर आयरिस एक्सईचं नावही विंडोजमध्ये नुसतं यूएचडी दिसतं आणि ग्राफिक्स मंदावतं. दोन पट्ट्या हव्यात.


वाशी_लोकल · मंगळवार, सकाळी ९.१०

कोणी एएमडी कंपनीच्या रायझन प्रोसेसरचं नाव घेत नाही म्हणून लिहितो. रायझन ५ प्रो ४६५०यू ला सहा कोअर, बारा थ्रेड आहेत. एलिटबुक ८४५ जी७ मध्ये मिळतो. एमुलेटर, कंपायलिंग, यात अकरावीच्या चार कोअरना मागे टाकतो. दुकानांत कमी दिसतो, पण विचारा.

मात्र रायझनच्या आकड्यांवर ‘मोठा आकडा म्हणजे नवा’ हा हिशेब लावू नका. ५५००यू आतून झेन २ (झेन म्हणजे एएमडीच्या कोअरची रचना, पुढचा आकडा तिची पिढी) आहे, ५६००यू झेन ३, आणि नव्या लॅपटॉपमध्ये येणारा ७५२०यू पुन्हा झेन २, तोही चार कोअरचा.

आणि खूप पातळ मॉडेल टाळा. थिंकपॅड एक्स१ कार्बनची सगळी रॅम बोर्डावर सोल्डर केलेली असते, ८ जीबीचा घेतलात तर जन्मभर ८.


दिघा_नाका · मंगळवार, दुपारी ३.३०

एक गोष्ट राहिली, आणि ती मला फार महागात पडली म्हणून कळकळीने लिहितो.

हे सगळे लॅपटॉप बड्या कंपन्यांच्या ऑफिसांतून लॉटने बाहेर पडतात. मी मागच्या वर्षी नवी मुंबईतल्याच एका दुकानातून दहाव्या जनरेशनचा घेतला. सहा महिने झकास चालला. मग विंडोज गडबडलं म्हणून रीसेट केलं. वायफाय जोडल्यावर पडद्यावर एका अनोळखी कंपनीचं नाव आलं आणि तिथला ऑफिसचा ईमेल मागायला लागला. पुढे जाताच येईना. त्या कंपनीने मशीन विकलं, पण मायक्रोसॉफ्टच्या ऑटोपायलट यादीतून (कंपन्या आपली मशीन जिथे नोंदवतात ती) त्याचा नंबर काढलाच नव्हता. दुकानदाराने वायफाय न जोडता लोकल अकाउंट बनवून दिलेलं, त्यामुळे सहा महिने ते झाकलेलं राहिलं. तोवर दुकानाची वॉरंटी संपली होती.

नवं-जुनं जनरेशन काही असो, पैसे देण्याआधी दुकानातच रीसेट करायला लावा आणि सेटअपच्या वेळी तुमच्या मोबाइलचा हॉटस्पॉट जोडा. कंपनीचं नाव आलं तर हात जोडा आणि निघा. बायोसमध्येही, म्हणजे विंडोज सुरू होण्याआधीच्या सेटिंगमध्ये, जा (डेलला एफ२, एचपीला एफ१०). तिथे पासवर्ड मागितला, किंवा कॉम्प्युट्रेस (चोरीचं मशीन शोधायची, लॉक करायची सोय) चालू दिसलं, तरी तेच.


खारेगाववाली · मंगळवार, संध्याकाळी ७.००

दिघा दादा, हे वाचून पोटात गोळा आला. शनिवारी पुन्हा जातोय. कागदावर सगळं उतरवून घेतलंय.


खारेगाववाली · शनिवार, रात्री १०.१५

आजचं सगळं लिहिते, लांबेल.

आधी ठाण्यात ५४०० पाहिला. लेकीने स्वतः बॅटरी रिपोर्ट काढला. डिझाइन ६८,००० आणि फुल चार्ज ३९,४००, म्हणजे ५८ टक्के. दुकानदार म्हणाला, ‘ताई, सेकंडहँडमध्ये एवढं चालतंच.’ मी घोडबंदर दादांची बेरीज कागदावर मांडून त्याच्यासमोर ठेवली. तो हजार रुपये कमी करायला तयार झाला, बॅटरी बदलून द्यायला नाही.

मग ७४८० वरही एकदा बसलो. घ्यायचा नव्हता, पण फरक डोळ्यांनी बघायचा होता. तिने मोबाइलचा हॉटस्पॉट जोडून मला व्हिडिओ कॉल लावला, मी दुकानाबाहेर जाऊन बोलत राहिले. कॉल चालू ठेवून तिने दहा-बारा टॅब उघडले आणि टास्क मॅनेजर समोर ठेवला. बाहेर मला तिचा चेहरा तुकड्यातुकड्यांत दिसायला लागला, आवाज तुटायला लागला. आत आले तर प्रोसेसर किती टक्के गुंतलाय ते दाखवणारी रेघ १०० ला चिकटलेली, पंखा घोंघावतोय. तेच ५४०० वर केलं तेव्हा रेघ ५५-६० च्या आसपास वरखाली होत राहिली आणि चेहरा तुटला नाही. दोन कोअर आणि चार कोअर म्हणजे काय ते मला तेव्हा कळलं. कुणी कितीही सांगितलं असतं तरी इतकं स्पष्ट कळलं नसतं.

तिथून वाशी. एलिटबुकचा रिपोर्ट ५३,००० पैकी ४५,८००, म्हणजे ८६ टक्के. रॅम दोन पट्ट्या, ८ अधिक ८. काचेवर डुलत नव्हता. तोच व्हिडिओ कॉलचा प्रयोग केला तर रेघ ३५ च्या वर फारशी गेलीच नाही, पंख्याचा आवाज कान लावूनच ऐकावा लागला. लेकीचा चेहरा फुलला होता. मी पर्समध्ये हात घालणार इतक्यात तिने आठवण केली, ‘आई, रीसेट.’

दुकानदार जरा नाराज झाला, वेळ लागेल म्हणाला. आम्ही थांबतो म्हटलं. पाऊण तास लागला, तोवर खाली जाऊन चहा घेतला. वर आलो, भाषा निवडली, हॉटस्पॉट जोडला. दोन मिनिटं गोल फिरत राहिलं. आणि दिघा दादा, तुम्ही लिहिलं होतं अगदी तसंच, पडद्यावर कंपनीचं नाव आणि खाली ईमेलची चौकट.

आमच्या दोघींच्या तोंडचं पाणी पळालं. दुकानदारही गोरामोरा झाला, त्यालाही ठाऊक नसावं असं मला मनापासून वाटलं. तो म्हणाला, याच मॉडेलचे आणखी दोन दुसऱ्या लॉटमधले आहेत. एकाच्या झाकणावर चांगला रुपयाएवढा पोचा होता आणि स्पेसबार घासून चकचकीत झाला होता, पण बॅटरी ८३ टक्के, प्रोसेसर तोच, रॅम तशीच दोन पट्ट्यांत. पुन्हा रीसेट, पुन्हा पाऊण तास. यावेळी थेट ‘तुमचं मायक्रोसॉफ्ट अकाउंट टाका’ असं आलं. बायोसलाही पासवर्ड नव्हता.

झाकणाच्या पोच्यामुळे आणि झालेल्या खोळंब्यामुळे २८,५०० ला दिला. सीरियल नंबर घालून पक्कं बिल, सहा महिन्यांची दुकानाची वॉरंटी. माझ्या मर्यादेपेक्षा पाचशे वर गेले, ते चालतील.


घोडबंदर_६ · शनिवार, रात्री १०.४०

फार छान, ताई. आणि लेकीचं विशेष कौतुक. ऐन वेळी ‘रीसेट’ आठवलं तिला.


दिघा_नाका · शनिवार, रात्री १०.५५

माझे पैसे गेले पण तुमचे वाचले, बरं वाटलं. तो पहिला परत शेल्फवर गेला का? दुसरं कोणी घेईल.


खारेगाववाली · शनिवार, रात्री ११.०५

हो, मीही तेच विचारलं. त्याने त्यावर कागद चिकटवून बाजूला ठेवला, लॉट ज्याच्याकडून आला त्याला परत करतो म्हणाला. सोमवारी वाशीला काम आहे तेव्हा डोकावून बघणार आहे.


सोल्डर · रविवार, सकाळी ८.२०

अभिनंदन. माझा आठवीचा आग्रह तुमच्या बाबतीत चुकला, कारण त्या एका मशीनची बॅटरी दमलेली निघाली आणि रॅम महागली. हेच ५४०० ८५ टक्के बॅटरीने आणि १६ जीबीसह २२ ला मिळालं असतं तर मी आजही तेच घ्या म्हटलं असतं.

दोन कामं करा. पंखा उघडून साफ करून घ्या आणि प्रोसेसरवरची उष्णता बाहेर नेणारी पेस्ट बदलून घ्या, चार-पाच वर्षांत ती वाळून खडखडीत होते. आणि एचपीच्या बायोसमध्ये बॅटरी हेल्थ मॅनेजरचा पर्याय आहे, घरी सतत चार्जरवर राहणार असेल तर त्यातला बॅटरी जपणारा पर्याय निवडा.


वाशी_लोकल · रविवार, सकाळी ९.००

चार्जर ओरिजिनल दिलाय ना? तो टाइप-सी वर ६५ वॅटने चार्ज होतो. मोबाइलचा १८ वॅटचा लावू नका, ‘स्लो चार्जर’ असा मेसेज येत राहील आणि वापरताना बॅटरी उतरतच जाईल.


खारेगाववाली · रविवार, रात्री ९.३०

चार्जर ६५ चाच आहे, वर छापलेलं वाचून घेतलं. झाकणावर जुन्या कंपनीच्या मालमत्तेचं स्टिकर होतं, त्याचा चिकटा निघत नव्हता. खोबरेल तेल लावून दहा मिनिटं ठेवलं आणि मऊ फडक्याने पुसलं, गेला.

तिने दुपारी अँड्रॉइड स्टुडिओ टाकला. पहिल्यांदा एम्युलेटर उघडायला बराच वेळ घेतला, दुसऱ्यांदा पटकन उघडला. आता मैत्रिणीचा फोन आलाय, तिलाही घ्यायचाय, बजेट २० हजार. मी हा धागा तिला पाठवलाय. तिच्यासाठी आठवीतलं चांगल्या बॅटरीचं मशीन कोणाच्या पाहण्यात असेल तर इथेच लिहा, ठाणे ते पनवेल कुठेही जाऊ.